विक्रांतची प्रतिकृती : आधी तारीख ठरवा, मग स्केल

आपण खारघरहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या ४ डिसेंबरला, म्हणजे नौदल दिनाला, सोसायटीच्या सभागृहात ठेवता येईल अशी जुन्या आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेची प्रतिकृती आपल्याला करायची आहे. विमानांचे काही किट आपण जोडले आहेत, जहाज मात्र एकही केलेले नाही. स्केल १/३५० (मूळ जहाजाच्या साडेतीनशेव्या भागाएवढी प्रतिकृती) घ्यावे की १/७००, करडा रंग नेमका कोणता वापरावा आणि तयार किट हाती न लागल्यास काय करावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. शिवाय १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी कोणी बुडवली यावरून आपल्या मित्रमंडळींत वाद पेटला असून प्रतिकृतीशेजारच्या पाटीवर काय लिहायचे यावर एकमत होत नाही, असेही आपण कळवले आहे.

स्केल आणि रंग यांच्याकडे वळण्याआधी मला आपल्यालाच एक प्रश्न विचारायला हवा : विक्रांत करायची ती कोणत्या दिवसाची? प्रश्न फाटे फोडण्यासाठी नाही. युद्धनौका तीस-पस्तीस वर्षे सेवेत असते आणि त्या काळात तिच्या डोलकाठ्या, तोफा, रडार, विमाने, डेक, इतकेच काय पण ध्वजसुद्धा बदलतो. त्यामुळे 'विक्रांतची प्रतिकृती' असे काही नसतेच. असते ती अमुक वर्षातल्या, जमल्यास अमुक महिन्यातल्या विक्रांतची प्रतिकृती. तारीख एकदा पक्की झाली की आपल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात, आणि ती पक्की करायची तर इतिहास वाचावाच लागतो. या छंदात हातकाम आणि वाचन यांची फारकत करता येत नाही, ती याच कारणाने.

विक्रांतच्या बाबतीत तर तारीख चुकण्याचा धोका दुप्पट आहे. तिचा कणा १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये 'हर्क्युलिस' या नावाने घातला गेला, १९४५ च्या सप्टेंबरमध्ये जलावतरण झाले, आणि महायुद्ध संपल्यामुळे पुढचे काम थांबले. १९५७ मध्ये भारताने ते अर्धवट जहाज विकत घेतले आणि बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत तिरका उड्डाण डेक व विमानाला वेगाने पुढे फेकणारे, वाफेवर चालणारे कॅटापल्ट बसवून ते पूर्ण करून घेतले. ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईला आली. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात तिने आपले नाव सार्थ केले. १९८३ च्या डिसेंबरात तिच्यावर पहिले सी हॅरियर जेट विमान उतरले. ऐंशीचे दशक संपता संपता कॅटापल्ट निघाले आणि नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, विमानांच्या उड्डाणासाठी वर उचललेला उतार, स्की-जंप, आला. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि शेवटी मुंबईतच दारूखान्याच्या जहाजतोडणी आवारात तोडली गेली.

आता गोम अशी आहे की आपल्यापैकी बहुतेकांनी विक्रांत डोळ्यांनी पाहिली ती संग्रहालय झाल्यानंतर, म्हणजे स्की-जंप असलेली. त्यामुळे मनात तेच रूप ठसलेले असते आणि गौरव मात्र १९७१ चा करायचा असतो. प्रदर्शनांत मी अनेकदा पाहतो की नाळेवर स्की-जंप आहे, त्याच्या मागे सी हॉक विमानांची रांग लावलेली आहे आणि पाटीवर १९७१ लिहिलेले आहे. सी हॉक ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच सेवेतून गेले आणि स्की-जंप त्यानंतर आला. दोघांची गाठ त्या डेकवर कधी पडलीच नाही. सभागृहात येणाऱ्या शंभरांपैकी नव्याण्णवांच्या हे लक्षात येणार नाही हे खरे, पण सीवूड्स किंवा नेरूळला राहणारा एखादा निवृत्त नौसैनिक त्या दिवशी हमखास येतो, आणि त्याचे पहिले बोट तिथेच जाते.

नौदल दिन ज्या घटनेचा आहे ती, म्हणजे १९७१ च्या युद्धातला कराचीवरचा हल्ला, पाहता आपल्याला डिसेंबर १९७१ हीच तारीख हवी असणार, असे मी धरून चालतो. मग सपाट नाळ, कॅटापल्ट, सी हॉक आणि अलिझे विमाने आणि बचावकामासाठी अलुएट हेलिकॉप्टर एवढा संच ठरला. सी हॅरियर नको, स्की-जंप नको. ४ डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बझारवर हल्ला केला, पुढे चितगावही लक्ष्य झाले. त्यामुळे डेकवर सी हॉक जास्त आणि अलिझे कमी ठेवले तर चित्र खरे वाटते. तोफा मोजताना मात्र सावध राहा. तिच्यावरच्या ४० मिलिमीटर बोफोर्स तोफांची संख्या काळानुसार कमी होत गेली, म्हणून १९६१ च्या छायाचित्रावरून १९७१ च्या तोफा लावू नयेत.

याच तारखेने आणखी एक गोष्ट ठरते, ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या युद्धात विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते, त्यामुळे २४ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर जाऊ शकणारी ही नौका सुमारे १६ नॉटपर्यंतच धावत होती. आपण प्रतिकृती पाण्यात चालताना दाखवणार असाल तर हा वेग लाटांत दिसला पाहिजे. जहाजाच्या अंगालगत उठणाऱ्या लाटांच्या शिखरांमधले अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६ नॉटला ते साधारण ४३ मीटर येते, २४ नॉटला जवळजवळ ९८ मीटर. १/४०० स्केलमध्ये (हेच स्केल का, ते पुढे येईल) पहिले अंतर पावणेअकरा सेंटिमीटर होते, तर दुसरे साडेचोवीस. म्हणजे ५३ सेंटिमीटरच्या आपल्या विक्रांतला १९७१ मध्ये अंगभर चार-पाच बुटक्या लाटा हव्यात. नाळेशी फेसाचा डोंगर आणि त्यामागे लांब, खोल खळगे ही पूर्ण वेगाची खूण आहे, ती इथे चुकीची ठरेल. अ‍ॅक्रिलिक जेलने पाणी करायला बसण्यापूर्वी पाटावर पेन्सिलीने ही अंतरे आखून घ्यावीत.

स्केलचा प्रश्न घेऊ. विक्रांतची लांबी २१३ मीटर आहे. १/७०० मध्ये ती साडेतीस सेंटिमीटर होते, १/३५० मध्ये ६१ सेंटिमीटर. १/१०० मध्ये करण्याची हौस काहींना असते. तेव्हा ती दोन मीटरच्या वर जाते आणि मग ती घरातून बाहेर काढायची कशी हा नौदलापेक्षा सोसायटीच्या लिफ्टचा प्रश्न होऊन बसतो. १/७०० हे स्केल रूढ झाले ते १९७१ मध्ये शिझुओकाच्या जपानी उत्पादकांनी एकत्र येऊन काढलेल्या वॉटरलाइन मालिकेमुळे. त्यात पाण्याखालचा भाग मुळातच नसतो आणि जहाजे एकमेकांशेजारी ठेवून ताफा दाखवता येतो. सभागृहात लोक चार-पाच फुटांवरून पाहणार, तेव्हा विमानवाहू नौकेला १/७०० लहान पडते असे माझे मत आहे. १/३५० उत्तम, पण त्या स्केलमध्ये डेकवर उभे करायचे प्रत्येक विमान साडेतीन-चार सेंटिमीटरचे होते आणि त्याच्या चाकांपासून काचेपर्यंत सगळे दाखवावे लागते. पहिल्याच जहाजासाठी ते जरा जास्त होईल.

मधला मार्ग १/४०० चा आहे आणि त्याला व्यावहारिक कारणही आहे. जुन्या विक्रांतचा प्लॅस्टिक किट दुकानात सहज मिळेल या आशेवर बसू नये. पण ती ज्या मॅजेस्टिक वर्गातली होती तो वर्ग कोलोसस वर्गाचीच सुधारित आवृत्ती होता आणि दोन्हींचा हल, म्हणजे जहाजाचे मुख्य धड, जवळजवळ एकच. कोलोसस ही नौका स्वतः १९४६ मध्ये फ्रान्सकडे जाऊन 'आरोमांश' झाली, आणि फ्रान्सच्या हेलर कंपनीचा आरोमांशचा १/४०० किट आहे. तो जुना आहे, साच्याच्या कडा फुगलेल्या असतात, आणि कधी बाजारात असतो तर कधी दोन-दोन वर्षे दिसत नाही. पण मिळाला तर हल तयार मिळतो. त्यावरचा उड्डाण डेक एक मिलिमीटरच्या स्टायरिन (प्लॅस्टिक) शीटमधून नवा कापायचा, डावीकडे तिरक्या डेकचा बाहेर आलेला भाग जोडायचा आणि आयलंड, म्हणजे धुराडे व ब्रिज असलेला तो मनोरा, छायाचित्रे पाहून पुन्हा उभा करायचा. हलखेरीज किटमधले फारसे काही उरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

किट नाहीच मिळाला तर हल स्वतः करावा लागेल. कण्याची एक उभी पट्टी आणि तिला काटकोनात आडव्या फ्रेम, हा सांगाडा दोन मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकमधून लेझरने कापून घेता येतो. महापे, रबाळे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यात अशी कामे करणारी वर्कशॉप आहेत आणि आर्किटेक्टांच्या मॉडेलची सवय असल्याने त्यांना रेखाचित्र समजावून सांगावे लागत नाही. फक्त सनबोर्ड लेझरखाली देऊ नका. तो पीव्हीसीचा असतो, जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो माणसालाही वाईट आणि यंत्रालाही. सनबोर्ड कटरनेच कापावा. फ्रेममधल्या जागा बाल्सा या हलक्या लाकडाने भरून घासून काढल्या की पुट्टी, प्रायमर आणि पुन्हा घासणे. त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. आराखड्यांसाठी सांगायचे तर ब्रिटिश बनावटीच्या जहाजांचे मूळ आराखडे ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या संग्रहात मोठ्या संख्येने आहेत. मूळ रेखांकन आणि संगणकावर कोणी तरी अंदाजाने काढलेली आकृती यांतला फरक नाळेच्या वळणावर लगेच कळतो.

आता एक सल्ला, जो आपल्याला कदाचित रुचणार नाही. डिसेंबरला अजून अवकाश असेल तर विक्रांतच्या आधी एक फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, करा. माझी शिफारस आयएनएस निलगिरीची आहे. लिअँडर वर्गाची ही नौका माझगाव गोदीत बांधली गेली, ३ जून १९७२ रोजी दाखल झाली, आणि या वर्गाचे प्लॅस्टिक किट आहेत : एअरफिक्सचा 'लिअँडर' १/६०० मध्ये आणि मॅचबॉक्सचा 'एरियाडनी' १/७०० मध्ये, जो पुढे रेव्हेलनेही काढला. दोन्ही एकाच वर्गाचे असले तरी सारखे नाहीत. मूळ लिअँडरची रुंदी ४१ फूट होती, नंतरच्या तुकडीची ४३. निलगिरी रुंद तुकडीवर बेतलेली, एरियाडनीही रुंद, आणि एअरफिक्सची लिअँडर अरुंद. दोन फुटांचा फरक १/६०० मध्ये एक मिलिमीटर होतो. एका मिलिमीटरसाठी हल मधोमध चिरून आत पट्टी घालायची की नाही, यावर आमच्या नौपाड्यातल्या रविवारच्या बैठकीत बराच खल झाला आहे. मी स्वतः ती चिरत नाही. एरियाडनी घेतो आणि वास्प हेलिकॉप्टरच्या जागी अलुएट ठेवतो. याच मालिकेतल्या तारागिरी आणि विंध्यगिरी यांच्यावर सी किंग हेलिकॉप्टरसाठी मोठा हँगर होता, तेव्हा निलगिरी म्हणून त्यांचे छायाचित्र समोर ठेवू नये. आणि अर्थातच निलगिरी १९७२ ची असल्याने ती आपल्या १९७१ च्या देखाव्यात उभी करता येणार नाही. ती स्वतंत्र काचपेटीत.

रंगाबद्दल आपली अपेक्षा बाटलीच्या क्रमांकाची आहे. तो मी देणार नाही, कारण एका क्रमांकाने हे सुटत नाही. त्या काळातली रंगीत छायाचित्रे पन्नास वर्षांत उतरलेली आहेत. कुठे निळी झाक चढली आहे, कुठे पिवळी. मी कृष्णधवल छायाचित्रावर अधिक विसंबतो. एकाच चित्रात नौसैनिकांचा पांढरा गणवेश आणि पाणरेषेवरचा काळा पट्टा सापडला की दोन टोके मिळतात, आणि हलचा करडा त्यांच्यामध्ये कुठे बसतो ते पाहता येते. मग पांढऱ्या कार्डावर तीन-चार छटा मारून ते कार्ड प्रत्यक्ष सभागृहात नेऊन पाहावे. घरातल्या दिव्याखाली जुळलेला करडा तिथल्या पांढऱ्या एलईडीखाली निळसर दिसतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. लहान स्केलला रंगात थोडा पांढरा मिसळावा, म्हणजे दुरून पाहिल्याचा भास होतो, असे मानणारे बरेच आहेत; किती मिसळावा यावर मात्र कोणाचे कोणाशी पटत नाही. १/४०० ला दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, त्यापलीकडे जहाज आजारी दिसू लागते. गंजही जपून. मांडव्याच्या लाँचमधून नांगरलेल्या मालवाहू जहाजांवर गंजाचे जे ओघळ दिसतात ते युद्धनौकेवर क्वचितच दिसतात, कारण तिथे रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन माणसे सतत लागलेली असतात. नांगराच्या भोकाखाली आणि पाणी निघणाऱ्या छिद्रांखाली एक पुसट रेघ पुरते. उड्डाण डेकवर मात्र हात सैल सोडा : टायरच्या खुणा, तेलाचे डाग, पुसट झालेल्या पांढऱ्या रेषा.

आपण पावसाळ्यात काम सुरू करणार असाल तर खाडीकाठच्या हवेशी जमवून घ्यावे लागेल. ठाण्या-नवी मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणा इतका असतो की लॅकर किंवा क्लिअर कोट मारला की त्यावर दुधी झाक चढते. थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतले पाणी त्यावर बसते, एवढेच त्याचे कारण आहे. दोरीवरचे कपडे दिवसभरात वाळत नसतील त्या दिवशी क्लिअर कोटला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा साधा नियम. काँप्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर हवाच, नाही तर ऐन डेकवर एअरब्रशमधून थेंब येतो. पितळी फोटो-एच (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेले) भाग उघडे ठेवू नयेत. खारट हवेत ते काळपट होतात आणि मग प्रायमर नीट धरत नाही. ते आधी अ‍ॅसिटोनने पुसून पाकिटात बंद करावेत. पावसाळ्यात सुपरग्लू झटकन धरतो हा त्यातल्या त्यात फायदा, पण बंद जागेत त्याची वाफ प्लॅस्टिकवर पांढरी पसरते, म्हणून खिडकी उघडी असावी.

कठड्यांविषयी थोडे जवळून सांगतो, कारण विमानांच्या किटमध्ये हा प्रकार आपल्याला भेटलेला नसेल. जहाजाचा कठडा साधारण एक मीटर उंच, म्हणजे १/४०० मध्ये अडीच मिलिमीटर. फोटो-एच पट्टी फ्रेमला जोडलेली असतानाच तिच्यावर रंग मारून घ्यावा. नंतर ती काचेच्या तुकड्यावर ठेवून नव्या ब्लेडने, दाबत, न ओढता कापावी. ओढले की पट्टी पिळते आणि एकदा पिळलेली पट्टी पुन्हा सरळ होत नाही. डेकच्या कडेची लांबी कागदाच्या पट्टीवर मोजून तेवढाच तुकडा घ्यावा आणि वळण चिमट्याने न देता पेन्सिलीवर गुंडाळून द्यावे. लावताना सुपरग्लू कठड्याला आधी कधीही लावू नये. आधी दोन टोकांना पांढऱ्या गोंदाचा बारीक ठिपका देऊन पट्टी उभी करावी, सरळ झाली याची डोळा डेकच्या पातळीवर आणून खात्री करावी, आणि मग सुईच्या नेढ्यातून सुपरग्लूचा अंश प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या खांबाच्या मुळाशी सोडावा; तो आपोआप सांध्यात ओढला जातो. पांढरा गोंद ओला असेपर्यंत चूक दुरुस्त होते, सुपरग्लूनंतर होत नाही, म्हणून हा क्रम.

अँटेनाच्या तारांसाठी लोक केस वापरायला सांगतात. केसाची जाडी सुमारे ०.०७ मिलिमीटर; १/४०० मध्ये ती २८ मिलिमीटरची, म्हणजे मनगटाएवढी नसली तरी अंगठ्याहून जाड तार होते. त्याऐवजी किटची उरलेली प्लॅस्टिक दांडी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ मऊ करून दोन्ही हातांनी संथपणे ओढली की ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरचा धागा निघतो. ज्योतीत घालायची नाही, ज्योतीजवळ धरायची.

ध्वजाने तारखेची चोख परीक्षा होते, म्हणून तो शेवटी लावायचा असला तरी विचार आधी करावा. २६ जानेवारी १९५० पूर्वी आपल्या नौकांवर ब्रिटिश पद्धतीचा पांढरा ध्वज होता. त्यानंतर तांबडा क्रूस कायम ठेवून कोपऱ्यात तिरंगा आला. १५ ऑगस्ट २००१ ला क्रूस गेला, २००४ मध्ये अशोकमुद्रेसह परतला, २०१४ मध्ये 'सत्यमेव जयते' जोडले गेले, आणि २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला नवी विक्रांत दाखल झाली त्याच समारंभात छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचा आजचा ध्वज आला. जुनी विक्रांत १९६१ ते १९९७ या सबंध काळात कोपऱ्यात तिरंगा आणि तांबडा क्रूस असलेल्या एकाच ध्वजाखाली वावरली. तिच्या डोलकाठीवर अष्टकोनी मुद्रेचा ध्वज लावणे म्हणजे भावना योग्य आणि तारीख चुकीची. आयएनएस विराट ही दुसरी विमानवाहू नौका केली असती तर हाच प्रश्न किचकट झाला असता, कारण १९८७ ते २०१७ या सेवेत तिने हे बदल एकेक करून पाहिले. आणखी एक बारकावा : समुद्रात चालत्या नौकेवर ध्वज डोलकाठीवर असतो, पिछाडीच्या काठीवर नसतो, नाळेवरच्या काठीवरचा तिरंगा तर बंदरातच. आपण लाटा दाखवणार असाल तर दोन्ही टोकांच्या काठ्या रिकाम्या हव्यात.

शेजारी आणखी काही ठेवायचे असेल तर क्षेपणास्त्र नौका ठेवा, कारण ४ डिसेंबर हा दिवस मुळात त्यांचा आहे. त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर यांनी कराचीवर हल्ला केला, किल्तान आणि कच्छल सोबतीला होत्या. 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिझ' ही सुरुंगशोधक नौका बुडाली. ओसा वर्गाची यातली प्रत्येक क्षेपणास्त्र नौका जेमतेम ३८.६ मीटरची, म्हणजे १/४०० मध्ये दहा सेंटिमीटरहूनही लहान. सोव्हिएत रशियाहून त्या आल्या तेव्हा एवढे वजन उचलणारी क्रेन मुंबईत नसल्याने कोलकात्याला उतरवून सबंध किनारा वळसा घालत दोरखंडाने ओढून मुंबईला आणाव्या लागल्या होत्या. किट निवडताना क्षेपणास्त्रांच्या पेट्या पाहा : १९७१ च्या नौका ओसा-१, त्यांच्यावर चौकोनी घडणीच्या बंद पेट्या, गोल नळकांडी असलेल्या ओसा-२ नंतर आल्या. मेरिटने १/७२ मध्ये दोन्ही वेगवेगळ्या काढल्या आहेत, पण ती साडेत्रेपन्न सेंटिमीटरची ओसा विक्रांतशेजारी ठेवली तर प्रेक्षकांचा पुरता गोंधळ उडेल. एका देखाव्यात एकच स्केल.

आता गाझीकडे. असे वाद मिटवायची माझी रीत अशी की दोन्ही बाजू काय मान्य करतात ते आधी वेगळे काढायचे. पाकिस्तानची गाझी ही मूळची 'डायब्लो' नावाची अमेरिकी पाणबुडी. ती विक्रांतच्या शोधात विशाखापट्टणमपर्यंत आली, त्या वेळी विक्रांत अंदमानकडे होती आणि ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे असा भास व्हावा म्हणून आयएनएस राजपूत या विनाशिकेमार्फत फसवे संदेश पाठवले जात होते, ३ व ४ डिसेंबरच्या सुमारास गाझी बंदराबाहेर बुडाली आणि आतले कोणीही वाचले नाही. इथपर्यंत भांडण नाही. राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे (पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे) ती बुडाली असे भारतीय बाजूने सांगितले गेले, तर तिच्याच सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने बुडाली असे पाकिस्तानी बाजू म्हणते. अशा वेळी नौदलाने प्रसिद्ध केलेला अधिकृत इतिहास, त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या नंतर लिहिलेल्या आठवणी आणि त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे यांना एकाच मापाने मोजू नये. आठवणींत काळाचा क्रम सरकतो आणि युद्धकाळातल्या बातम्यांत दोन्हीकडचे आकडे फुगलेले असतात. आपल्या मंडळींपैकी ज्याला एक बाजू ठामपणे मांडायची आहे त्याने तो कोणत्या कागदावर उभा आहे ते सांगावे, एवढी अट घातली की आवाज बराच खाली येतो.

पुराव्याचा हाच निकष कल्याणच्या मित्रांना मी सांगत असतो. शिवाजी महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली ती कल्याण-भिवंडीच्या खाडीत, त्यामुळे दुर्गाडी किल्ल्याच्या परिसरातल्या मुलांना गुराब आणि गलबते ही मराठा आरमाराची जहाजे करावीशी वाटणे स्वाभाविकच आहे आणि त्यांनी ती जरूर करावीत. पण त्या नौकांची प्रतिकृती वर्णने व चित्रे यांवरून केलेले अनुमान असते, आणि पाटीवर तसे लिहावे. विक्रांतला आराखडे आहेत, छायाचित्रे आहेत, तिच्यावर काम केलेली माणसे अजून भेटतात. तिथे अनुमानाला जागा फार थोडी.

म्हणून पाटी मी अशी लिहीन : 'आयएनएस विक्रांत, डिसेंबर १९७१, बंगालचा उपसागर, स्केल १/४००'. त्याखाली सी हॉक आणि अलिझे यांची नावे, कॉक्स बझार आणि चितगाव यांचा उल्लेख, बॉयलर व वेगाविषयी एक ओळ, आणि किटचा हल वापरला असल्यास तेही. गाझीचे नाव घ्यायचेच असेल तर 'विक्रांतच्या शोधात आलेली गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली' इतके पुरे. या वाक्यावर दोन्ही गट सही करतील. टाइप मोठा ठेवा, कारण नौदल दिनाला येणारे निम्मे लोक चष्मा घरी विसरून येतात, आणि पाटी पेटीच्या काचेला न चिकटवता पाटावर लावा, म्हणजे काच पुसताना ती निघणार नाही.